मार्चमधली निरोपाची गाणी आणि जपानी कराओके बॉक्स: काय जमतं, काय फसतं

जपानमध्ये शाळा-कॉलेजचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि नवं एप्रिलमध्ये सुरू होतं. सोत्सुग्योशिकी, म्हणजे शाळा संपल्याचा समारंभ, आटोपला की मुलांचे घोळके कराओके बॉक्सकडे, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या गाण्याच्या खोल्यांकडे, वळतात. निरोपाची गाणी त्या छोट्या बंद खोलीत कशी उतरतात, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. सेवा म्हणून हा प्रकार अफलातून आहे. फक्त यातली काही गाणी त्या यंत्रासाठी जन्मलेलीच नाहीत, हे आधी लक्षात घ्यावं.

खोलीचं भाडं बहुतेक ठिकाणी माणशी 30 मिनिटांच्या हिशेबाने लागतं, वर प्रत्येकाला निदान एक पेय घ्यावं लागतं. दुपारी स्वस्त, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी महाग. तीन तासांहून जास्त बसायचं असेल तर ‘फ्री टाइम’, म्हणजे एकरकमी भाड्यात बरेच तास, परवडतो. विद्यार्थी सवलतीसाठी ओळखपत्र काउंटरवरच दाखवावं लागतं. समारंभाच्या दिवशी मोठ्या खोल्या रिकाम्या मिळत नाहीत, आधी बुकिंग करा. 18 वर्षांखालच्या मुलांना रात्री 11 नंतर बसू देत नाहीत.

यंत्रं मुख्यतः दोन: डॅम आणि जॉयसाउंड. कोणतं हवं ते काउंटरवर विचारतात. या गाण्यांपुरता फरक नगण्य आहे. दोन्हीकडे पडद्यावरच्या शब्दांवर फुरिगाना, म्हणजे कांजीचा (चिनी वळणाच्या अक्षरांचा) उच्चार, छापलेला असतो. जपानी शिकणाऱ्याला याचा आधार मोठा.

पहिला घोळ शोधण्यात होतो. ‘साकुरा’ टाकलं की गाण्यांची रांगच लागते. मोरियामा नाओतारोचं 2003 चं, कोबुकुरोचं 2005 चं, केत्सुमेइशीचं त्याच वर्षीचं, इकिमोनो-गाकारीचं 2006 चं. कुणी हिरागानात (जपानी उच्चारलिपीत) लिहिलंय, कुणी कांजीत, कुणी रोमन अक्षरांत. ‘सोत्सुग्यो’चंही तेच. एकट्या 1985 मध्ये ओझाकी युताका आणि साइतो युकी या दोघांची त्याच नावाची गाणी आली, आणि दोन्हींचा स्वभाव दोन टोकांचा. ओझाकीचं गाणं शाळेविरुद्धच्या बंडाचं आहे, त्यात रात्री शाळेच्या काचा फुटतात. शिक्षक सोबत असताना चुकून ते लागलं तर अवघड होतं. म्हणून गाण्याच्या नावाने शोधूच नका, गायकाच्या नावाने शोधा.

दुसरा घोळ पट्टीचा. टॅब्लेटवर शार्प-फ्लॅटची बटणं असतात, एका दाबाला अर्धा स्वर. पुरुषाने बाईचं गाणं घेतलं तर चार-पाच दाब खाली यावं. पूर्ण सप्तक खाली गायलं तर आवाज तळाला जाऊन बसतो. मोरियामाच्या ‘साकुरा (दोकुशो)’ची गंमत वेगळी आहे. त्यातल्या वरच्या जागा तो खोट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत, घेतो. पट्टी एक-दोन दाबांनीच उतरवली तर त्या जागा छातीचा आवाज आणि खोटा आवाज यांच्या सांध्यावर येतात आणि आवाज फाटतो. एक तर मूळ पट्टीत बिनधास्त खोटा आवाज लावा, नाहीतर सरळ चार दाब खाली जा. शिवाय साथीला निव्वळ पियानो, ठेका धरायला ड्रम नाही. पडद्यावर शब्दांचा रंग बदलतो तिकडे डोळे लावूनच गावं लागतं.

आता खरं दुखणं. ‘ताबिदाचि नो हि नि’ हे गाणं 1991 मध्ये साइतामातल्या चिचिबूच्या एका माध्यमिक शाळेत तयार झालं. शब्द मुख्याध्यापकांचे, चाल संगीत शिक्षिकेची. आज ते देशभरच्या शाळांत गायलं जातं. पण ते समूहगान आहे. शेवटच्या भागात मुली एक ओळ म्हणतात आणि मुलगे तिच्यावर आपली ओळ चढवतात, आणि अंगावर काटा येतो तो तिथेच. कराओकेचं यंत्र गाणाऱ्याला गुण देतं, पण ते मोजायला त्याच्याकडे चाल एकच. दुसरा आवाज धरणाऱ्याने कितीही सुरेल गायलं तरी गुण कापले जातात. त्यामुळे या गाण्याला गुणमोजणी बंदच ठेवा. माइक सहसा दोन असतात: एक वरच्या आवाजाला, एक खालच्या. इको कमी करा, नाहीतर दोन ओळींचा एकमेकींत काला होतो. माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते.

त्यामानाने अँजेला अकीचं ‘तेगामि’ इथे सुरेख बसतं. एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या शालेय समूहगान स्पर्धेत 2008 मध्ये ते माध्यमिक गटाला नेमलेलं होतं. पंधरा वर्षांचं पोर मोठेपणीच्या स्वतःला पत्र लिहितं आणि पुढे त्याला उत्तर येतं. दोघांनी पत्र आणि उत्तर वाटून घ्यावं. कडव्यांत शब्द दाटीवाटीने भरलेत, श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवा.

रेमिओरोमेनचं ‘3月9日’, म्हणजे 9 मार्च, खरं तर एका मित्राच्या लग्नासाठी लिहिलेलं. तारखेमुळे ते शाळांनी आपलंसं केलं. बँडचं गाणं असल्याने ठेका पक्का, नवख्याला सगळ्यात सोपं.

मराठी कानाला मात्र ‘होतारु नो हिकारि’ सर्वांत जवळचं. चाल स्कॉटिश, पण मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे स्वर आपल्या भूपाचेच. पेटीवर दहा मिनिटांत बसतं. जपानी दुकानं बंद होताना हीच चाल वाजते, पण ती तीन मात्रांची, हे गाणं चार मात्रांचं. कानात दुकानातली चाल बसली असेल तर पहिल्याच ओळीला घसरायला होतं. 1884 चं ‘आओगेबा तोओतोशि’ गाताना अर्थ जपा. त्यातलं ‘वाकारेमे’ म्हणजे ताटातुटीची जागा नव्हे. आधी ‘कोसो’ हा जोर देणारा शब्द आल्यामुळे जुन्या व्याकरणाप्रमाणे क्रियापदाने घेतलेलं ते रूप आहे: ‘आता निरोप घेऊ या’. त्याच ओळीत एक सूर ताणून थांबवतात, तिथे घाई करू नका.

सहा जणांना दोन तासांत साधारण वीस गाणी मिळतात, म्हणजे माणशी तीन. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. मुदत वाढवायची असेल तर तेव्हाच सांगायचं. वाढवायची नसेल तर ओझाकी घेऊ नका, ते गाणं सहा मिनिटांच्या वर जातं. तेवढ्यात ‘होतारु नो हिकारि’ची दोन कडवी सगळ्यांनी मिळून सावकाश म्हणून होतात.