रात्रीचा आडवाटेचा रेडिओ: लंडन, जर्सी सिटी की पॅरिस?

शनिवारी पहाटे साडेचारचा गजर लावून रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला घरचे काय म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. लंडनला शुक्रवारी रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात, आणि उन्हाळ्यात तिकडची घड्याळं पुढे सरकली की साडेतीन. त्यांच्याकडे निजानीज झाल्यावर लागणारं संगीत आपण दुधाच्या पिशव्यांबरोबर घरात घेतो. ‘काहीतरी वेगळं ऐकायचंय, कुठून सुरुवात करू?’ असं कुणी विचारलं की मी आधी हे घड्याळाचं सांगतो. निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

बीबीसी रेडिओ ३ वरचा ‘लेट जंक्शन’ १९९९ साली सुरू झाला. फिओना टॉकिंग्टन आणि व्हेरिटी शार्प या सुरुवातीच्या निवेदिका. जुनं चर्चगायन, पाठोपाठ माली देशातलं कोरा हे तंतुवाद्य, मग कुणीतरी यंत्राच्या घरघरीतून रचलेलं काही, अशी याची धाटणी. ही सरमिसळ आज कुठलंही अ‍ॅप करून देईल. फरक निवेदकाचा आहे. गाणं संपल्यावर दोन वाक्यं येतात आणि त्या दोन वाक्यांत मगाशी कानावरून गेलेला आवाज कशाचा होता ते कळतं. अनोळखी संगीताला असा वाटाड्या लागतोच, निदान पहिले काही महिने.

याच कार्यक्रमाची आणखी एक खोड मला फार आवडते. कधीही एकत्र न वाजवलेल्या कलाकारांना स्टुडिओत आणायचं आणि काय होतं ते ध्वनिमुद्रित करायचं. आपल्या जुगलबंदीत दोघांचा राग आणि ताल तरी एक असतो, इथे तेवढीही शाश्वती नाही. कधी त्यातून सोनं निघतं, कधी दोघं नुसते एकमेकांची वाट बघत राहतात. ते अवघडलेपणसुद्धा ऐकण्यासारखं असतं, पण हे माझं मत झालं. गाण्याकडून ‘गाणं’च हवं असणाऱ्याचा इथे पंधरा मिनिटांत धीर सुटेल.

आता अडचण. आधी आठवड्यातून अनेक रात्री असणारा हा कार्यक्रम २०१९ मध्ये तीन रात्रींवरून एकाच रात्रीवर आणला गेला. कलाकारांनी निषेधाचं पत्र काढलं, तरी कपात झालीच. त्यात २०२५ च्या जुलैमध्ये बीबीसी साउंड्स हे अ‍ॅप ब्रिटनबाहेर बंद झालं, तेव्हा मागचा भाग रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ऐकायची चैन गेली. तुम्ही किंवा तुमची मुलगी लंडन-लेस्टरकडे राहत असाल तर डोळे मिटून हाच निवडा. सांगली-साताऱ्यात बसून ऐकायचं असेल, तर पुढे वाचा.

अमेरिकेतल्या जर्सी सिटीचं डब्ल्यूएफएमयू हे ९१.१ एफएमवरचं स्टेशन १९५८ मध्ये अप्साला कॉलेजात सुरू झालं. कॉलेज १९९५ मध्ये बंद पडलं, स्टेशन मात्र अजून चालू आहे. इथे वरून ठरवून दिलेली गाण्यांची यादी नसते, जो माइकपुढे बसतो तोच मालक. बहुतेक जण पगाराविना बसतात. जाहिराती नाहीत, खर्च श्रोत्यांच्या देणग्यांतून निघतो. त्यामुळे दर्जाही माणसागणिक बदलतो. एक जण तीन तास पन्नाशीच्या दशकातल्या तबकड्या वाजवील, त्याच्या मागून येणारा नुसता कर्कश गोंगाट. बीबीसीची ती शांत, सावरलेली निवेदनशैली इथे शोधू नका.

तरी भारतातून ऐकणाऱ्याला मी हेच सुचवीन, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. स्टेशनच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षांचे कार्यक्रम साठवलेले आहेत. कार्यक्रम उघडला की कलाकार, गाणं, अल्बम अशी यादी समोर येते आणि प्रत्येक गाण्यापुढे त्याची वेळ असते. वेळेवर टिचकी मारली की ते गाणं तिथूनच सुरू. मध्येच डोळा लागला तर दुसऱ्या दिवशी राहिलेलं तिथून पुढे ऐकायचं. थेट प्रसारणावर अवलंबून राहिलात तर मात्र आपल्या रात्री दहाला तिकडे दुपारच्या आसपासचे कार्यक्रम चालू असतात. आणि मार्चमध्ये सुरुवात करू नका. तेव्हा त्यांची देणग्यांची मॅरेथॉन असते, गाण्यांपेक्षा आवाहनच जास्त ऐकावं लागतं.

लंडनचं एनटीएस हे ऑनलाइन रेडिओ स्टेशन २०११ चं, या सगळ्यांत तरुण. दोन थेट वाहिन्या आणि मागचं बरंच काही साठवलेलं. पसारा दांडगा आहे, पण तिथे जाणाऱ्याला आपण काय शोधतोय याची थोडीफार कल्पना असावी लागते, नाहीतर माणूस नुसता यादी चाळत बसतो.

उरलं पॅरिसचं फिप. रेडिओ फ्रान्सचं हे स्टेशन १९७१ पासून चालू आहे. जॅझ, फ्रेंच गाणी, ब्राझील, आफ्रिका, अधूनमधून अभिजात, सगळं एकाला एक असं जोडतात की सांधा दिसत नाही. मध्ये मध्ये एका बाईचा हळू, जवळून बोलल्यासारखा आवाज येतो. फ्रेंच येत नसलं तरी बिघडत नाही. साहस मात्र कमी, धक्का देणं हा यांचा स्वभावच नाही. काम करताना किंवा पडल्या पडल्या ऐकायला मी अजून तरी याहून चांगलं काही ऐकलेलं नाही.

आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची रागम वाहिनी या रांगेत बसवू नये, तिचा प्रांतच वेगळा. पण दरबारी रात्रीचा आणि ललत पहाटेचा हे ज्याच्या अंगात मुरलंय, त्याला लंडनच्या मध्यरात्रीसाठी निवडलेलं संगीत उजाडताना ऐकणं थोडं खटकणारच. मला खटकतं. म्हणून साठवलेला कार्यक्रम आपल्या रात्री अंधारात लावणं मला जास्त पटतं.

खर्चाचं म्हणाल तर १२८ केबीपीएसचं प्रसारण तासाला साधारण ५८ एमबी डेटा खातं. त्याची काळजी नको. स्लीप टायमर तेवढा लावा. एकदा मी फिप चालू ठेवून झोपलो आणि इअरफोनची पिन निघून आली. सकाळी चहा गाळता गाळता आईने विचारलं, ‘दोनच्या सुमाराला तुझ्या खोलीत बाई कोण बोलत होती रे?’