वाळुंज की विपिंग विलो? नर्सरीतल्या रोपांची पारख

ओढा, पाझर किंवा कृष्णा-वेण्णेचा काठ असेल तर वाळुंजाचंच रोप घ्यावं. बंगल्यासमोर लोंबत्या फांद्या हव्या असतील तरच विपिंग विलो, आणि तोही वाई-पाचगणीच्या बाजूला. मिरज-तासगावकडचा एप्रिल-मे त्याला मानवत नाही. पाणी कमी पडलं की पानांच्या कडा करपतात आणि भर उन्हाळ्यात पानगळ होते.

दोन्ही सॅलिक्सच, म्हणजे एकाच वंशातली झाडं. वाळुंज (सॅलिक्स टेट्रास्पर्मा) आपल्याकडचं, विपिंग विलो (सॅलिक्स बॅबिलोनिका) मूळचा चीनचा. वाळुंजाचं पान दीड-दोन बोटं रुंद, खालून पांढुरकं. विलोचं त्याहून बरंच अरुंद, लांब टोकाचं. लेबलावर जाऊ नका. लोंबत्या फांद्यांचा बॉटलब्रशही विलो म्हणून गळ्यात मारला जातो. पान चुरगळून बघा: बॉटलब्रशचं पान चिवट आणि वासाचं, विलोचं पातळ, कडेला बारीक दाते.

हिवाळ्यात रोप निष्पर्ण दिसलं तर लगेच नाकारू नका. नखानं साल खरवडा. आत हिरवं असेल तर जिवंत आहे. मग खोड धरून हलकं ओढा. मातीतून सुटून आलं तर छाटकलमाला अजून मुळं धरलेली नाहीत.

खरं तर वाळुंजासाठी पैसे मोजायची गरजच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत, नवी पालवी फुटण्याआधी, पेन्सिल ते अंगठ्याएवढी जाड काडी घ्या. लांबी 25 सेंमी. डोळे वरच्या दिशेला ठेवून दोन तृतीयांश काडी ओल्या मातीत खोचा. काडी मरते ती बहुधा उलटी खोचल्यानं, वाटेत सुकल्यानं किंवा पानं तशीच ठेवल्यानं. मुळं फुटायच्या आतच पानांतून पाणी उडून जातं.

विपिंग विलोचं काम जास्त. मुख्य शेंडा बांबूला सैल बांधत सहा-सात फुटांपर्यंत न्यावा लागतो, खालचे फुटवे काढावे लागतात. नाहीतर झाड जमिनीवरच लोळतं. सुतळी दर दोन-तीन महिन्यांनी सोडून पुन्हा बांधा, ती सालीत रुतते.

मुळं मात्र दोघांचीही पाण्यामागं धावणारी. ड्रेनेज, सेप्टिक टाकी आणि विहिरीच्या बांधकामापासून निदान 10 मीटर लांब लावा. पाइपाच्या सांध्यात मूळ शिरलं की झाड तोडूनही पाइप उकरावाच लागतो.