क्लेम नाकारला, अपील रेंगाळले: विमा लोकपाल की ग्राहक आयोग?

सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी वर्षानुवर्षे भरलेल्या माणसाला क्लेम नाकारल्याचे पत्र आले की तो आधी कंपनीकडेच फेरविचाराचा अर्ज करतो, आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारा मध्यस्थ) आज इनडोअर केस पेपर मागतो, पंधरा दिवसांनी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतो, त्यानंतर पुन्हा तेच केस पेपर मागतो, आणि बघता बघता सहा महिने निघून जातात. अशा वेळी कंपनीबाहेरचे दोन मार्ग उरतात, विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) आणि जिल्हा ग्राहक आयोग. खासगी कंपनीच्या पॉलिसीलाही हेच दोन मार्ग लागू आहेत.

त्याआधी एक अट नीट समजून घेतली पाहिजे, कारण लोकपालांकडील अनेक तक्रारी तिथेच अडकतात. लोकपालांकडे जाण्यापूर्वी खुद्द विमा कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. कंपनीने ती फेटाळली, समाधानकारक उत्तर दिले नाही किंवा एक महिना काहीच कळवले नाही, तरच हे दार उघडते. टीपीएशी झालेल्या मेलच्या देवाणघेवाणीवर येथे विसंबू नये. तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे करावी आणि पोच जपून ठेवावी. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवली तर तारखेचा पुरावा आपोआप तयार होतो.

लोकपालांकडे शुल्क नाही आणि वकील उभा करता येत नाही. वकील नसल्याने पुष्कळांना धाकधूक वाटते, पण माझ्या मते साध्या वादात हीच मोठी सोय आहे, कारण समोरूनही कंपनीचा अधिकारीच येतो आणि बोलणे पॉलिसीतील कलम आणि कागदपत्रे यांच्याभोवतीच राहते. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनेही होऊ शकते. आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देण्याची तरतूद आहे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि कंपनीने तो तीस दिवसांत अमलात आणायचा असतो. तसे न केल्यास कंपनीने तक्रारदाराला दिवसाला 5,000 रुपये द्यायचे, असे विमा नियामकाने मे 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. रेंगाळलेल्या पैशांच्या बाबतीत इतकी ठोस तरतूद ग्राहक आयोगाच्या वाटेवर सापडत नाही.

लोकपालांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. 50 लाख रुपयांपर्यंतचाच निवाडा देता येतो, आणि प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त भरपाई देता येत नाही. म्हणजे अडीच लाखांचा क्लेम मिळेल. पण त्या पैशांसाठी दागिने गहाण ठेवावे लागले, म्हाताऱ्या आईला वर्षभर हेलपाटे घालावे लागले, याची वेगळी भरपाई मागायची असेल तर ग्राहक आयोगच गाठावा लागतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मानसिक त्रास आणि खर्च यांची मागणी करता येते, तसेच राहत्या किंवा नोकरीच्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. शुल्काबाबत लोकांचा गैरसमज असतो. आयोगाची कक्षा आणि शुल्क ठरवताना क्लेमची रक्कम धरत नाहीत, भरलेला मोबदला धरतात, आणि विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. त्यामुळे क्लेम वीस लाखांचा असला तरी हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही, मात्र कंपनीचा वकील येतोच, हे गृहीत धरून चालावे.

वेळेच्या बाबतीत कायदा आणि वास्तव यांत येथे बरेच अंतर आहे. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. कंपनीच्या लेखी उत्तरासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस आहेत, आणि 45 दिवसांपुढे मुदत वाढवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये सांगितले आहे. प्रत्यक्षात रिक्त पदे आणि तारखा यांमुळे प्रकरण वर्षानुवर्षे चालू शकते. निकाल बाजूने लागला तरी कंपनी 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते. त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते, एवढाच काय तो दिलासा.

निवड करताना नकाराच्या पत्रातले कारण आधी वाचावे. ‘वाजवी खर्चापेक्षा जास्त’ म्हणून कापलेली रक्कम किंवा कागदपत्रांच्या उणिवेवरून अडवलेला क्लेम असेल तर मी लोकपालांचाच मार्ग सुचवेन. ‘आजार आधीपासून होता आणि तो लपवला’ असा आरोप असेल तर थोडा विचार करावा. बऱ्याचदा हा आरोप डिस्चार्ज कार्डावरील एका ओळीवर उभा असतो: दाखल करताना घाईत कोणीतरी सांगितलेले आणि शिकाऊ डॉक्टरने लिहिलेले ‘दहा वर्षांपासून रक्तदाब’. ती ओळ चुकीची असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे दुरुस्तीपत्र लोकपालांपुढेही चालते. पण डॉक्टरांची साक्ष आणि उलटतपासणी लागेल असे वाटत असेल तर आयोग बरा. पॉलिसी सलग साठ महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याखेरीज माहिती लपवल्याचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही, हेही अर्जात लिहावे.

दोन्ही मार्गांचा क्रम मात्र उलटवता येत नाही. लोकपालांचा निवाडा पटला नाही तर तक्रारदाराला आयोगाकडे जाता येते, पण तोच वाद आयोगात दाखल झाला असेल तर लोकपाल तो ऐकत नाहीत. म्हणून रक्कम मर्यादेत असेल तर आधी लोकपाल, हाच क्रम सोयीचा. लोकपालांसाठी नकारापासून, किंवा उत्तरच न आल्यास तो एक महिना संपल्यापासून, एक वर्षाची मुदत आहे. आयोगासाठी वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. लोकपालांकडे गेलेला काळ दुसऱ्या मुदतीतून आपोआप वजा होईल असे धरू नये; कॅलेंडरवर दोन्ही तारखा आजच लिहून ठेवाव्यात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील तक्रारीसाठी हे दोन्ही मार्ग सुरुवातीला धरू नयेत. तिथे क्लेम रुग्णालय करते, रुग्ण नव्हे. त्यामुळे पैसे मागितले किंवा मंजुरी अडली तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) आणि 155388 या क्रमांकावर, रुग्ण दाखल असतानाच, तक्रार नोंदवावी.