टी-जेट म्हणून साधं 1.4 गळ्यात मारलं: 1,73,000 रुपये पाण्यात

रक्कम आधीच सांगतो. टोकन 25,000. माल पॅक व्हायच्या आधी 90,000. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आल्यावर 50,000. नागपूरला वाडीच्या गोडाऊनमध्ये ट्रान्सपोर्टचं टू-पे (माल घेणाऱ्याने भरायचं) भाडं 7,400 आणि हमाली 600. एकूण 1,73,000 रुपये. हवं होतं टी-जेट, म्हणजे फियाट लिनियाचं 1.4 टर्बो पेट्रोल इंजिन, आपल्या जुन्या गाडीत बसवायला. बदल्यात आलं फियाटचंच बिनटर्बोचं 1.4 इंजिन, त्यावर कुठला तरी जुना टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लटकवलेला, आणि लेबल खरवडलेला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर.

असे सौदे कसे जुळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. चालू इंजिनाचा व्हिडिओ, "दुसरी पार्टी बसली आहे भाऊ, टोकन टाकून ठेवा", रात्री अकराला व्हॉइस मेसेज. ते उगाळत बसत नाही. यातली खरी मेख इंजिनाच्या निवडीतच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबर बॉडीची उघडी गाडी. तिच्यात 1149 सीसीचं रेनोचं इंजिन यायचं, साधारण 60 पीएसचं (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). गाडी हलकी, इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांची. अशा गाडीसाठी आमच्यासमोर टर्बो पेट्रोल पर्याय दोन होते: लिनियाचं 1.4 टी-जेट, नाहीतर स्कोडा लॉराचं 1.8 टीएसआय. विकणाऱ्याकडे दोन्ही "सेट" होते. टी-जेट गिअरबॉक्स, ईसीयू, वायरिंग आणि चावीसकट 1,65,000. टीएसआय 2,10,000.

कागदावर टीएसआय केव्हाही सरस. 160 पीएस, 250 न्यूटन मीटर ओढ, लोखंडी ब्लॉक. पण ते डायरेक्ट इंजेक्शनचं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. हाय प्रेशर पंप कॅमवर चालतो आणि टाकीतला पंपसुद्धा आपल्या कंट्रोल मॉड्यूलशिवाय नीट चालत नाही. इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारं कुलूप) मीटर आणि ईसीयू दोघांत गुंतलेला, म्हणजे मीटरही त्याच गाडीचा हवा. सुरुवातीच्या इंजिनांचा टायमिंग चेनचा टेन्शनर सैल पडतो आणि स्टार्ट मारताना चेन दात सोडते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. ऑइल पिणं हा त्याचा दुसरा जुना आजार. शिवाय स्टॉर्मच्या नाकाडात ते इंजिन आणि सहा गिअरचा बॉक्स बसवायचा तर चॅसिसचे रेल कापावे लागतात.

टी-जेट 1368 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 72 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 84 मिमी. लिनियात 114 पीएस आणि 207 न्यूटन मीटर, पुढे 2015 च्या अबार्थ पुंटोत 145 पीएस. इंजेक्शन साधं पोर्टवालं, टायमिंगला बेल्ट, टर्बो आयएचआय कंपनीचा छोटा, त्यामुळे खालूनच ओढतो. छोट्या नाकाडाच्या हलक्या गाडीला हेच इंजिन योग्य, हे आजही ठासून सांगतो. निवड चुकली नव्हती. निवडलेलं इंजिन आलंच नाही.

आता मेख. 1.8 टीएसआयला बिनटर्बोचा स्वस्त जुळा भाऊ नाही. त्यामुळे त्याची नक्कल करायला कुणी बसत नाही. तिथे फार तर मेलेलं इंजिन जिवंत म्हणून विकतात. टी-जेटला असा भाऊ आहे. लिनिया आणि पुंटोत यायचं ते साधं 1.4 सोळा व्हॉल्व्हचं, 'फायर' नावाचं इंजिनही 1368 सीसीचं, बोअर 72, स्ट्रोक 84. घराणं एक, बाहेरून ठेवण सारखी. टर्बो लावा, मॅनिफोल्ड लावा, वरचं कव्हर पुसून चमकवा, की फोटोत टी-जेट तयार. भंगार बाजारात साधं 1.4 कवडीमोल आणि टी-जेट दुर्मीळ. "तुमच्या गाडीला टी-जेटच बरं" असा आग्रह विकणारा का करत होता, ते यात आलं. सल्ला बरोबर होता म्हणून तर विश्वास बसला.

व्हिडिओ 40 सेकंदांचा होता. बाराव्या सेकंदाला कॅमेरा टर्बोच्या खालून जातो. तिथे परतीच्या ऑइलची काळी रबरी नळी दिसते, आणि ती चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) बाहेरून वेल्ड केलेल्या नव्या नटात घुसते. वेल्डिंगवर सिल्व्हर रंग. कंपनीच्या टर्बो इंजिनाला ऑइल परत जायची वाट कारखान्यातूनच केलेली असते. तिथे कुणाला ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन घेऊन बसावं लागत नाही. तीच फ्रेम आज थांबवून पाहिली की तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच फ्रेममध्ये टर्बोच्या मधल्या भागाला पाण्याच्या दोन्ही तोंडांत बोल्ट ठोकलेले दिसतात. टी-जेटचा टर्बो ऑइलवर आणि पाण्यावरही थंड होतो. पाण्याची वाट बुजवलेला टी-जेट असूच शकत नाही.

दिसलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. उत्तर आलं, "लिनियाचा चेंबर ठोकला होता भाऊ, म्हणून वेल्ड मारला." आपल्या इकडच्या रस्त्यांवर लिनियाचा चेंबर ठोकलेला कोणी पाहिला नाही? पांदणीवरून एकदा नेली तरी तळ घासतो. उत्तर पटण्यासारखंच होतं. चोर आपल्या विषयात हुशार असतो, एवढंच.

पेटी उघडल्यावर नंबराच्या जागी जाड काळा रंग. थिनरने पुसला तर टी-जेटचा नंबरच नाही. फियाटच्या इंजिन नंबराच्या सुरुवातीला इंजिनाचा प्रकार सांगणारा कोड असतो; युरोपातल्या 120 पीएस टी-जेटचा 198ए4000 आहे. म्हणून आरसीची प्रत मागा आणि नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. "आरसी स्क्रॅपमध्ये जमा झाली" म्हणाला तर जमा केल्याचं सर्टिफिकेट माग. तेही नाही म्हणाला तर फोन ठेव.

नंबरही खोटा ठोकता येतो, पण कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट दाबतो तो आकडा, खोटं ठोकता येत नाही. हेड न उघडता ते मोजता येतं. एका सिलिंडरची क्षमता 342 सीसी. टी-जेटचं कॉम्प्रेशन 9.8, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा 342 भागिले 8.8, साधारण 39 सीसी. कॉम्प्रेशन 11 असेल तर तीच जागा 34. चारही प्लग काढा. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद हवेत. इंजिन असं टेकवा की प्लगचं भोक सरळ वर पाहील. मेडिकलमधून 50 मिलिची सिरिंज आणि सलाइनची नळी आणा, कारण या हेडला प्लगचं भोक खोल आहे. 20-40 ऑइल भरा; डिझेल भरलं तर रिंगमधून झिरपून आकडा फसवा येतो. आट्यांच्या तळापर्यंत ऑइल दिसलं की थांबा, बुडबुडे निघून जाऊ द्या, पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरा, आणि एकूण किती गेलं ते सिरिंजवर वाचा. आमच्याकडे 34 उतरले. निकाल तिथेच लागला. मोजल्यावर प्लग न लावता इंजिन फिरवून ऑइल बाहेर काढा. प्लग लावून स्टार्ट मारला तर ऑइल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे इंजिन तसंच गाडीत बसवलं असतं तर? 11 च्या कॉम्प्रेशनवर टर्बोचा दाब, बाहेर मे महिन्यातले 45 अंश, पुढे छोटा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी). ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेट घेतं, नॉकिंग सुरू होतं, आणि पहिल्याच जोरदार ओढीला पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटू शकते. ईसीयू बिनटर्बोचा असला तर त्याला दाब वाढलेला कळतच नाही. पेट्रोल कमी आणि स्पार्क लवकर. बसवून फुटलं असतं तर विकणारा "ट्यूनिंग तुमचं चुकलं" म्हणून मोकळा. बसवायच्या आधी मोजा, हे पुन्हा सांगतो. नुसत्या टर्बोचं म्हणाल तर शाफ्ट बोटाने पुढे-मागे ढकलून बघा. त्या दिशेने खेळ अजिबात हाताला लागता कामा नये. बाजूला किंचित चालतो.

आणि बिल. विकणाऱ्याने सांगितलं, "किंमत कमी दाखवतो, नाहीतर ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा कागद) लागेल, माल नाक्यावर अडकेल." बिल्टीवर लिहिलं: पुराना पार्ट, किंमत 20,000. आम्ही "हो" म्हटलं नव्हतं, बिल्टीचा फोटो आला तेव्हाच कळलं, पण तोवर 1,15,000 अडकले होते. हाच 20,000 चा आकडा पुढे जागोजागी आडवा आला. पूर्ण रकमेचं जीएसटी बिल नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका. पैसे बिलावरच्याच नावाच्या खात्यात. गोडाऊनवाला पेटी उघडू देत नाही, आधी सही मागतो, सहीच्या वर आपल्या हाताने लिहा, "पेटी न उघडता ताबा घेतला, आतल्या मालाबद्दल हरकत राखून." तो कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आता तक्रारीची कथा, म्हणजे दुसरी लूट. तालुक्याच्या ठाण्यात पहिला प्रश्न: "माल भेटला ना तुमाले? मंग फसवणूक कायची?" टर्बो आणि बिनटर्बो यातला फरक समजावला, सिरिंजचा आकडा दाखवला. साहेब म्हणाले, सिव्हिल मॅटर आहे. मग म्हणाले, विकणारा बाहेरचा आहे, तिकडे जाऊन तक्रार द्या. मग बिल्टी पाहिली: "इथं तर वीस हजार लिहिले हाय, पावणेदोन लाख कुठून आले?" बँकेच्या तिन्ही नोंदी समोर ठेवल्या तर विषयच बदलला: "ही गाडी पास हाय का? इंजिन बदलायची परमिशन हाय का?" म्हणजे लुटलेल्यालाच आरोपी करायची तयारी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आम्हालाही पाठ आहे, आणि मालकाने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगणारं 182ए सुद्धा. पण गाडी शेडमध्ये घोडीवर होती. जुनं इंजिन जमिनीवर, नवं पेटीत. बदल झालाच कुठे? बदलायला इंजिन आलं असतं तर परमिशनचा अर्ज केला असता ना! एवढं बोलल्यावर "साहेब मीटिंगमध्ये हायत."

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले, ओटीपी तुमचाच. सायबरवाले म्हणतात, वस्तू मिळाली म्हणजे हा ऑनलाइन फ्रॉड नाही, खरेदीचा वाद आहे. खरेदीचा वाद म्हणून ग्राहकवाल्यांकडे विचारलं तर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर आणि पक्का पत्ता द्या. तो असता तर चोर कशाला म्हटलं असतं? प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं आणि प्रत्येक ठिकाणी झेरॉक्स नव्याने द्यावी लागते. यात कुणालाच घाई नाही, कारण गेलेले पैसे त्यांचे नाहीत.

तरी कायदा म्हणतो ते माहीत असू द्या, टेबलावर आपटायला उपयोगी पडतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. घेतली नाही तर 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी अर्ज, रजिस्टरची पावती जपून. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे 175(3) खाली अर्ज. कलम भारतीय न्याय संहितेचं 318(4), फसवणुकीचं, लावायला सांगा. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार चालते, त्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पैसे गेल्या-गेल्या कळलं तर मात्र आधी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), बाकी सगळं नंतर. खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात.

अधीक्षकांकडचा अर्ज गेलेला आहे, पावती आहे, उत्तर नाही. पेटीतला गिअरबॉक्स तेवढा खरा निघाला. इंजिन पुरावा म्हणून आहे तसं ठेवलंय, त्या मोजणीनंतर त्याला पाना लावलेला नाही.

आणि त्याच वेल्डिंगच्या चेंबरचा फोटो आता नव्या नावाने फिरतोय. यावेळी "अबार्थ 145 पीएस, चालू कंडिशन, 1,80,000". फोटो टर्बोच्या बाजूने घेतलाय, नळीचा भाग कापून. कुणी टोकन दिलं असेल तर पुढचा हप्ता थांबवा आणि व्हिडिओ कॉलवर चेंबर दाखवायला सांगा.