तांब्याची म्हणून ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबल गळ्यात मारली, कॉईल घेण्याआधी वजन करा

फॅब्रिकेशनवाल्या सगळ्या भावांसाठी लिहितोय, खास करून सीझनच्या तोंडावर घाईत माल उचलणाऱ्यांसाठी. वेल्डिंगची रबर केबल म्हणून बाजारात जे विकलं जातंय त्यात तांब्याचा नुसता मुलामा असलेलं ॲल्युमिनियम सर्रास घुसलंय, त्याला सीसीए म्हणतात, कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम. कापलेलं टोक बघितलं तर लालभडक तांबं दिसतं, त्यामुळे नुसत्या नजरेला कळायचा प्रश्नच नाही.

आमचं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटं युनिट आहे, उसाच्या ट्रॉल्या आणि शेडची कामं. गळीत हंगामाच्या आधी ट्रॉल्यांची गर्दी असते, जुन्या केबली कडक होऊन तडकल्या होत्या म्हणून ५० स्क्वेअरच्या (म्हणजे आतल्या धातूचा छेद ५० चौरस एमएम) दोन कॉईल घ्यायच्या ठरवल्या. दुकानाचं नाव लिहित नाही कारण तक्रार चालू आहे. तिथला माणूस म्हणाला शेठ, एका मोठ्या प्रोजेक्टचा शिल्लक लॉट आहे, प्युअर कॉपर, म्हणून स्वस्त देतोय, आणि बाकीच्यांपेक्षा मीटरमागे शंभर-सव्वाशे रुपये कमी लावले. वर समाधानासाठी चुंबक काढून टोकाला लावून दाखवलं, बघा चिकटत नाही म्हणजे कॉपरच. आता हे नीट लक्षात घ्या, ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. चुंबकाने फार तर आत लोखंडाची तार असली तर कळेल, त्यामुळे केबलच्या दुकानात कोणी चुंबक दाखवून खात्री देत असेल तर तिथेच सावध व्हा, कारण ही टेस्ट करणाऱ्याला ती कशासाठी चालते हे पक्कं माहिती असतं.

कॉईल उतरवतानाच आमचे जुने वेल्डर मामा म्हणाले, मालक, ही लय हलकी लागतीया. नवीन रबर हलकं असेल असं सांगून टेम्पोवाल्याने विषय संपवला, तो दुकानाचाच माणूस.

कामाला लावल्यावर त्रास सुरू झाला. ट्रॉलीच्या चॅसीला आम्ही ४ एमएमचा ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड १६०-१८० अँपिअरवर चालवतो, जुना ट्रान्सफॉर्मर सेट आहे, तर पोरं सारखी करंट वाढवायला लागली, रॉड चिकटतोय, आर्क मरतोय, पेनिट्रेशन मिळत नाही, म्हणजे जोड आतपर्यंत जात नाही. आधी संशय रॉडवर गेला, ओलसर असतील म्हणून ओव्हनला भाजून घेतले, मग मशीनवर, मग एमएसईबीच्या व्होल्टेजवर. केबलवर कोणाचा संशय जात नाही, हेच या फसवणुकीचं बळ आहे. शेवटी अर्थिंगच्या बाजूला लगपाशी, म्हणजे केबलीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडापाशी, धूर निघाला आणि खालचं गोणपाट पेटलं. मामांनी लगेच मशीन बंद केलं म्हणून निभावलं, शेजारी ऑईल पेंटचे डबे होते. लग उघडला तर तारा काळ्या-पांढऱ्या पडून भुगा झालेल्या. तांब्याचा असा पांढरा भुगा होत नाही.

तिथून मग सगळं तपासलं. एक तार काढून ब्लेडने खरवडली, लाल थर निघून आत चांदीसारखी पांढरी. (कलई केलेल्या चांगल्या केबलीत उलटं असतं, बाहेर पांढरं आणि आत लाल, ती केबल खरी असते, तिच्यावर उगाच शंका घेऊ नका.) दुसरी तार लायटरवर धरली तर टोकाला वितळून गोळी झाली, जुन्या केबलीची तार नुसती लाल झाली. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, तांबं १०८५ ला, त्यामुळे एवढ्या बारीक तारेत फरक लगेच दिसतो. ही टेस्ट दुकानातच दोन मिनिटांत होते, फक्त तार दाखवायच्या तुकड्याची घेऊ नका, जी कॉईल तुम्ही नेणार तिचीच घ्या, शक्यतो दोन्ही टोकांची.

पण सगळ्यात पक्की गोष्ट वजन. ५० स्क्वेअर एमएमची एक मीटर केबल म्हणजे ५० सीसी तांबं, तांब्याची घनता ८.९६ धरली तर साधारण ४५० ग्रॅम. म्हणजे १०० मीटरच्या कॉईलमध्ये नुसतं तांबंच ४४-४५ किलोच्या आसपास पाहिजे, वर रबराचं वजन वेगळं. ३५ स्क्वेअरला मीटरला सव्वातीनशेच्या आत-बाहेर ग्रॅम येतं आणि ७० ला सव्वासहाशे. आमची एक न उघडलेली कॉईल वजनकाट्यावर ठेवली तर रबरासकट ३३ किलो भरली. उलगडून मोजली तेव्हा लांबीही शंभर मीटर नव्हती, आठ मीटर कमी. आणि आतला गाभा कॅलिपरने मोजला तर ५० स्क्वेअरचाही नाही, ३५ च्या थोडा वर, रबराचा थर जाड देऊन बाहेरून जाडी बरोबर दाखवलेली.

याच हिशोबाने भावही तपासता येतो आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तांब्याचा एमसीएक्सचा (वायदेबाजाराचा) किलोचा भाव रोज पेपरात, मोबाईलवर येतो, त्याला ०.४५ ने गुणा, तेवढी ५० स्क्वेअरच्या एका मीटरमधल्या नुसत्या धातूची किंमत झाली, मग त्यावर तार ओढायची, पीळ घालायची, रबर चढवायची मजुरी, कंपनीचा आणि दुकानाचा नफा, जीएसटी. कोणी त्या धातूच्या किमतीच्या आसपास पूर्ण केबल देत असेल तर ते तांबं नाहीच, मग लॉट शिल्लक असो नाहीतर एक्स्पोर्टचा असो.

करंटचं नुकसान किती ते पण सांगतो. खऱ्या ५० स्क्वेअर तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ०.३९ ओहम असतो. होल्डर आणि अर्थिंग मिळून ६० मीटर केबल पसरली असेल तर १८० अँपिअरला चारेक व्होल्ट पडतात. सीसीए आणि वर गाभा बारीक, म्हणजे रेझिस्टन्स दुपटीच्या वर, नऊएक व्होल्ट केबलीतच गेले, आणि आर्कला मिळून पंचवीसेक व्होल्ट लागतात. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन केबलीत जिरते, लाईटबिल तुम्हीच भरता, आणि जोड कच्चा राहिला तर ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यावर कोणाच्या तरी अंगावर जाते. लगमध्ये दाबलेलं ॲल्युमिनियम हळूहळू सैल पडतं, वर ऑक्साईड धरतं, म्हणून आग पहिली तिथेच लागते. रबरही चांगलं नव्हतं, तेल आणि ठिणग्या झेलणारं एचओएफआर सांगितलं होतं, थोड्याच दिवसांत होल्डरजवळ चिरा पडल्या. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या पोराच्या हातात अशी केबल देणं म्हणजे मशीनचे ७०-८० व्होल्ट त्याच्या अंगावर घालणं आहे, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

दुकानात गेलो तर भाषाच बदलली. म्हणे बिल बघा, बिलावर "वेल्डिंग केबल ५०" एवढंच आहे, कॉपर कुठं लिहिलंय, स्क्वेअर एमएम कुठं लिहिलंय. म्हणून बिलावर "१०० टक्के कॉपर कंडक्टर, ५० स्क्वेअर एमएम, आयएस ९८५७, लांबी १०० मीटर" असं सगळं लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, लिहायला टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं. आयएस ९८५७ म्हणजे वेल्डिंग केबलचं भारतीय मानक. आमच्या केबलीवर ते छापलेलं होतं पण आयएसआय मार्कखाली जो सीएम/एल म्हणजे लायसन्सचा नंबर लागतो तो नव्हताच. नंबर असला तरी बीआयएसच्या (हा मार्क देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, लायसन्स कोणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते दिसतं.

लांबी कमी भरल्याची तक्रार वैध मापन शास्त्रवाल्यांकडे, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, दिली आहे, मार्कची बीआयएसकडे. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. धंद्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक कायद्यात येत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेला येतो, त्यामुळे एकट्याने मशीन चालवणाऱ्या वेल्डर भावांनी "तुम्ही ग्राहक नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकून गप्प बसू नका. आमचं युनिट त्यात बसवता येतं का ते वकील बघतायत.

ज्यांनी अशी स्वस्त कॉईल आधीच घेतली असेल त्यांनी काम थांबवून मशीन बंद करा आणि लगजवळ हात लावून बघा, बाकी केबलीपेक्षा तिथे जास्त चटका बसत असेल तर आजच काढा. न वापरलेली कॉईल उघडू नका, बिलासकट फोटो काढून, काट्याची पावती घेऊन बाजूला ठेवा. आणि ती भंगारात किंवा दुसऱ्या वेल्डरला विकू नका, ती फिरून कुठल्यातरी पोराच्या हातात जाणार.