सरावाला आणि मॅचलाही एकच छर्रा: एच अँड एन फिनाले मॅच, 0.53 ग्रॅम

सांगली-साताऱ्यात 10 मीटर एअर रायफल शिकणाऱ्या मुलांचे पालक छर्रे घेताना आधी कंपनीचं नाव विचारतात. विचारायला हवं ते हेड साइज. छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास नळीला जुळला नाही, तर महागातला डबाही फुकट जातो.

रोजचा सराव, जिल्हा पातळी, कोल्हापूर विभाग या सगळ्याला एकच छर्रा ठेवायचा असेल, तर एच अँड एन कंपनीच्या ‘फिनाले मॅच’ मालिकेतला रायफलसाठीचा 0.53 ग्रॅमचा छर्रा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो 4.49, 4.50 आणि 4.51 मिमी अशा मापांत येतो आणि हाच त्याचा मोठा फायदा आहे. सपाट डोक्यामुळे कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुणावरून वाद होत नाही. गोल डोक्याचे स्वस्त छर्रे कागद फाडतात. रेषेवरचा शॉट मग आत की बाहेर, हे गेज (भोकात घालून गुण ठरवायचं माप) लावूनही नीट ठरत नाही.

वजनातला फरक किती नडतो, हे हिशेबानेच बघा. मॅच रायफलमधून छर्रा साधारण 170 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो आणि 10 मीटरवर पोचेपर्यंत सुमारे 17 मिमी खाली येतो. वजनात 0.01 ग्रॅमचा फरक पडला, तर वेग जवळजवळ एक टक्का बदलतो आणि शॉट अंदाजे 0.3 मिमी वरखाली होतो. दशांश गुणांत एक दशांश 0.25 मिमीचा असतो, म्हणजे 10.5 चा 10.4 होणार. नवशिक्याला हे जाणवणारही नाही, पण 60 शॉटच्या मॅचमध्ये 610 गुणांच्या पुढे जायची धडपड करणाऱ्याला प्रत्येक दशांश मोजावा लागतो.

चाचणीसाठी तिन्ही मापांचा एकेक डबा आणा, किंवा क्लबमध्ये वर्गणी काढून मागवा. रायफल रेस्टवर, म्हणजे टेकूवर, पक्की बसवा. माप किंवा ब्रँड बदलला की पहिले 15-20 शॉट मोजू नका, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग प्रत्येक मापाचे पाच-पाच शॉटचे निदान पाच ग्रुप मारा; ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत लांब अंतर मोजून त्यातून 4.5 मिमी वजा करा. एकाच सुंदर ग्रुपवर भाळू नका, पाचांची सरासरी धरा. सिलिंडरचा दाब उतरत असताना घेतलेली चाचणी तर सरळ रद्द करा. बहुतेक रायफलींसाठी सुरुवात 4.50 पासून करावी. छर्रा बोटाने ढकलताना अडत असेल तर 4.49, आणि अगदी सैल पडत असेल तर 4.51 बघा.

आरडब्ल्यूएस कंपनीचा ‘आर 10 मॅच’ 0.53 ग्रॅम हाही तोडीचा छर्रा आहे. एखाद्या नळीत तो सरस ठरला, तर बिनधास्त तोच ठेवा.

डबा पुण्याहून कुरिअरने आला असेल, तर आधी छर्रे पांढऱ्या कागदावर पसरून बघा. मागची पातळ कड, म्हणजे स्कर्ट, प्रवासात दबते. दबलेली कड नळीत सगळीकडून सारखी बसत नाही, हवा एका बाजूने निसटते आणि शॉट कुठेही जातो. असे छर्रे वेगळे काढून पोझिशनच्या, म्हणजे उभं राहण्याच्या ढबीच्या, सरावाला वापरा, मॅचला नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटीही धरते, म्हणून डबा घट्ट बंद करून कोरड्या कपाटात ठेवा.

500 चा डबा 60 शॉटच्या आठ मॅचना पुरतो आणि वर 20 छर्रे उरतात. साइटिंगचे (मॅचआधी नेम जुळवायचे) शॉट धरले, तर सहाच मॅच धरा. चाचणीत आवडलेल्या डब्याचा बॅच नंबर लिहून ठेवा आणि पुढचे डबे शक्यतो त्याच बॅचचे मागवा. पोरांना छर्रे तोंडात धरू देऊ नका. सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडून खाऊ द्यायचं नाही, कारण शिसं पोटात जातं.