स्वीडनची तांब्याची प्लेट: समुद्रातून निघालेली घ्यावी की जमिनीवर जपलेली?

स्वीडनच्या जुन्या चलनातली प्लेट, म्हणजे नाणं म्हणून चालणारा ठसे उठवलेला तांब्याचा सपाट तुकडा, संग्रहासाठी पहिल्यांदाच घ्यायला निघालात की दोन पर्याय समोर येतात. एक, जमिनीवरच टिकून राहिलेली. दुसरी, बुडालेल्या जहाजातून वर काढलेली. दुसरी बरीच स्वस्त पडते, पण नुसती किंमत पाहून ठरवू नये.

आधी आवाक्यातलं काय, ते पाहू. स्वीडनकडे चांदी थोडी आणि फालुन गावच्या खाणीचं तांबं मुबलक. नाण्यात त्याच्या किमतीइतकं तांबं हवं असं ठरल्यावर मोठ्या रकमेचं नाणं अवजड होणारच. राणी क्रिस्टिनाच्या काळात, १६४४ साली पाडलेली १० दालरची (दालर हे तिथलं तेव्हाचं चलन) प्लेट जवळजवळ २० किलोची होती! युरोपातल्या पहिल्या बँकनोटा १६६१ मध्ये स्टॉकहोमलाच निघाल्या, त्यात या ओझ्याचा मोठा वाटा आहे. ती १० दालरची प्लेट संग्रहालयातच पाहायची. आपल्याला मिळतात त्या बहुतेक फ्रेडरिक पहिला (१७२०–१७५१) आणि आडोल्फ फ्रेडरिक (१७५१–१७७१) यांच्या अर्धा, १, २ आणि ४ दालरच्या. १ दालर म्हणजे साधारण पाऊण किलो, २ म्हणजे दीड, ४ म्हणजे तीन किलो. दहा-बारा ग्रॅमच्या शिवराईची सवय असलेल्या हाताला १ दालरसुद्धा चकित करते.

जमिनीवरच्या प्लेटचं खरं बळ ठशांत आहे. चार कोपऱ्यांत मुकुट, राजाची आद्याक्षरं आणि साल, मधोमध किंमत. मागची बाजू कोरी. चांगल्या प्लेटवर पाचही ठसे खोल आणि स्वच्छ उठलेले असतात, तांब्यावर गडद तपकिरी रंग चढलेला असतो. वजनही मूळ प्रमाणाच्या जवळ भरतं, त्यामुळे नक्कल ओळखायला वजनकाटा कामी येतो. राजा आणि सालानुसार संग्रह लावणाऱ्याने हीच घ्यावी, भले थांबावं लागलं तरी.

समुद्रातल्या प्लेटांत सर्वांत प्रसिद्ध 'निकोबार' या डॅनिश जहाजावरच्या. स्वीडनमध्ये १७७६ साली हे चलन बंद झालं आणि प्लेटा नुसतं तांबं म्हणून विकल्या जाऊ लागल्या. असा माल घेऊन हिंदुस्थानाकडे निघालेलं हे जहाज १७८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडालं. १९८७ मध्ये त्याचा शोध लागला आणि तीन हजारांहून अधिक प्लेटा वर आल्या. जहाज पोचलं असतं तर या प्लेटा आपल्याकडच्या बाजारात तांब्याच्या भावाने विकल्या जाऊन वितळल्या असत्या. मला हा धागा फार मोलाचा वाटतो. भारतातल्या संग्राहकाला स्वीडनच्या नाण्याशी इतकं थेट नातं दुसरीकडे क्वचितच सापडेल.

उणी बाजूही मोठी आहे. खाऱ्या पाण्याने पृष्ठभाग खाल्लेला असतो, कडा झिजून पातळ होतात, कोपऱ्यातलं साल अनेकदा वाचताच येत नाही. वजन घटलेलं असल्याने खरेपणा काट्यावर ठरत नाही. प्लेट कुठून आली याची कागदपत्रं मागावीच लागतात. शिवाय तांब्यात मुरलेले क्षार दमट हवेत पुन्हा जागे होतात आणि फिकट हिरवी भुकटी सुटू लागते. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात अशी प्लेट सिलिका जेलसह हवाबंद डब्यातच ठेवा. आणि दोन्हीपैकी कोणतीही घेतलीत तरी घरातल्या तांब्याच्या भांड्यांसारखी चिंच-मिठाने घासू नका. चकाकी येईल, पण तीनेकशे वर्षांचा रंग आणि निम्मी किंमत जाईल.

माझा कौल विचाराल तर पहिली खरेदी म्हणून निकोबारची २ दालर. अर्धा दालर स्वस्त असते, पण हातात घेतल्यावर या चलनाचं ओझं कळत नाही, आणि या चलनाची सगळी गंमत त्या ओझ्यात आहे. २ दालर घेताना मधला ठसा आणि निदान एका कोपऱ्यातलं साल वाचता येईल अशीच निवडा. ४ दालरचा मोह झाला तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब आधी मांडा, तीन किलो धातू परदेशातून मागवणं महागात पडतं. आणि फोटोत ठसे धूसर दिसत असतील तर विक्रेत्याकडून तिरप्या उजेडातले फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवू नका.